अकोटच्या गाडीवरचे शेजवान

अकोटात दिवे लागले की बाजाराकडच्या रस्त्यांवर लाल रंगाच्या हातगाड्या उभ्या राहू लागतात. गाडीच्या दर्शनी पत्र्यावर सापाकडे अधिक झुकलेला एक ड्रॅगन असतो, त्याखाली पिवळ्या अक्षरांत ‘चायनीज’, आणि दरफलकावर एक शब्द पुनःपुन्हा येतो: शेजवान राईस, शेजवान नूडल्स, शेजवान मंचुरियन. कोठे ‘शेझवान’, कोठे ‘सेजवान’, तर एखाद्या गाडीवर चक्क ‘शेजवाण’. धनवान, गुणवान यांच्या रांगेत खपून जावा इतका हा शब्द आता आपला झाला आहे. तो चीनच्या नैर्ऋत्येकडील एका प्रांताच्या नावाचा अपभ्रंश आहे आणि त्या प्रांताशी ताटलीतल्या पदार्थाचा संबंध फारच पातळ आहे. तरीही हा संबंध कसा जुळला, याचा इतिहास त्या पदार्थाइतकाच झणझणीत आहे. धागा लांब आहे, सवडीने वाचावा.

प्रथम नाव. सोंग राजवटीत (९६०–१२७९) या प्रदेशाचे चार प्रशासकीय विभाग पाडलेले होते. त्यांच्या एकत्रित नावाचा संक्षेप म्हणजे ‘सि-छ्वान’, अर्थात सिचुआन. टपालाच्या सोयीसाठी रूढ झालेल्या जुन्या रोमन स्पेलिंगात एस आणि झेड शेजारी आले, भारतीय मेनूकार्डांवर त्या अक्षरांची आणखी उलथापालथ झाली, आणि वाचणाऱ्याने जसे जमेल तसे ‘शेजवान’ म्हटले.

आता पदार्थ. सुक्या लाल मिरच्या भिजवून वाटलेल्या, लसूण सढळ हाताने, थोडे आले, भरपूर तेल, व्हिनेगर, सोया सॉस, चिमूटभर साखर. गाडीवरच्या शेजवान चटणीचे मर्म एवढेच. वऱ्हाडातील कोणतीही गृहिणी ती पाहताच ओळखेल, की हा लसणाचा ठेचाच आहे; फक्त शिजवून सैल केलेला आणि आंबट झालेला. सिचुआनी स्वयंपाकाचे दोन आधारस्तंभ यात औषधालाही सापडत नाहीत. एक म्हणजे ‘हुआज्याओ’, जिभेला बधिर करणारे एक सुगंधी फळ. दुसरा ‘दौबानज्यांग’, बाकल्याचे दाणे आणि मिरची मिठात महिनोन् महिने आंबवून केलेला गडद लगदा. हे दोन्ही वगळून सिचुआनी जेवण रांधणे म्हणजे चिंचगुळाशिवाय आणि गोड्या मसाल्याशिवाय आमटी करणे होय. ती आमटी वाईट होईलच असे नाही. पण पुणेकर तिला आमटी म्हणणार नाही.

मग हे दोन स्तंभ वाटेत गळाले कोठे? उत्तर असे, की भारतात ज्यांनी चिनी अन्न शिजवले, त्यांच्यात सिचुआनचे लोक जवळजवळ नव्हतेच.

अठराव्या शतकाच्या अखेरीस तोंग अछ्यू नावाचा एक चिनी व्यापारी कलकत्त्याजवळ हुगळीच्या काठी उतरला. वॉरन हेस्टिंग्जच्या कारकिर्दीत त्याला जमीन मिळाली आणि त्याने साखरेचा कारखाना काढला. त्या जागेला आजही अछिपूर म्हणतात. त्यानंतर दीड शतक जे आले ते बहुतांशी दक्षिण चीनमधले: कँटनकडचे सुतार, हुपेचे दंतवैद्य आणि चामडे कमावणारे हक्का. कलकत्त्याच्या टांगरा भागात हक्कांच्या चामड्याच्या कारखान्यांना लागूनच पुढे त्यांची भोजनगृहे उभी राहिली. मुंबईतही माझगावात १९१९ सालचे ‘सी यिप कून’ हे चिनी मंदिर अजून उभे आहे. या मंडळींचे घरचे जेवण सौम्य होते: वाफवलेले, आले-कांद्यावर परतलेले, सोयाचे. भारतीय गिऱ्हाइकाला ते अळणी वाटे. तेव्हा मेजावर व्हिनेगरात बुडवलेल्या हिरव्या मिरच्यांची वाटी आली. ती वाटी अजूनही हटलेली नाही.

मराठी माणूस खुद्द सिचुआनात पोहोचला तो मात्र जेवणासाठी नव्हे. जपानने चीनवर आक्रमण केल्यावर काँग्रेसने १९३८ साली पाच डॉक्टरांचे पथक पाठवले. त्यात सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस होते आणि नागपूरचे, वयाने ज्येष्ठ असे डॉ. चोळकरही होते. नागपूर ही त्या वेळी ‘मध्यप्रांत व वऱ्हाड’ या प्रांताची राजधानी. म्हणजे अकोटही त्याच प्रांतात. हे पथक १९३८च्या अखेरीस चुंगकिंगला पोहोचले. युद्धकाळातील चिनी राजधानीचे ते शहर तेव्हा सिचुआन प्रांताचाच भाग मानले जाई. तेथेच कोटणिसांना वडिलांच्या निधनाची बातमी मिळाली. ते परतले नाहीत. पथकाबरोबर येनानला गेले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी चीनमध्येच वारले. चीनमध्ये आजही त्यांचे स्मारक जपले जाते.

त्यांच्या मृत्यूला वीस वर्षे होतात न होतात तोच १९६२चे युद्ध झाले. भारतात पिढ्यान् पिढ्या राहिलेल्या चिनी वंशाच्या सुमारे तीन हजार लोकांना, ज्यांत म्हातारी माणसे आणि शाळकरी मुलेही होती, आसाम, शिलाँग, दार्जिलिंग या भागांतून उचलून राजस्थानातील देवलीच्या छावणीत डांबण्यात आले. (वर्ध्याजवळची देवळी नव्हे.) काहींना तेथे चार-पाच वर्षे काढावी लागली. सुटून आल्यावर घरे-दुकाने राहिली नव्हती. अनेकांनी कॅनडाची वाट धरली. जे राहिले त्यांच्यातील कित्येकांना उपजीविकेचे जे मार्ग उरले, त्यांत एक कढई होती. चायनीज गाडीचा इतिहास सांगताना हे प्रकरण बहुधा गाळले जाते. ते गाळू नये. ज्या समाजाला देशाने परका ठरवला, त्याच समाजाच्या हातची चव देशाने दहा-पंधरा वर्षांत आपलीशी केली, आणि या दोन गोष्टींचा परस्परांशी काही संबंध आहे हे कोणाच्या ध्यानातही आले नाही.

‘शेजवान’ शब्दाने भारतात पाऊल टाकले ते पंचतारांकित दारातून. १९७३ साली मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात ‘गोल्डन ड्रॅगन’ सुरू झाले. देशातील पहिले सिचुआनी उपाहारगृह म्हणून त्याचा उल्लेख होतो. चिनी जेवण तिखट असू शकते, ही मुंबईकर श्रीमंतांसाठी वार्ताच होती. दोन वर्षांनी, १९७५ साली, कलकत्त्यात जन्मलेल्या नेल्सन वाँग यांनी क्रिकेट क्लब ऑफ इंडियाच्या मुदपाकखान्यात लसूण-आले-हिरवी मिरची परतून त्यात सोया सॉस आणि कॉर्नफ्लोअर घातले आणि त्या कोंबडीला ‘मंचुरियन’ म्हटले, असे ते स्वतः सांगत आले. मांचुरियात हा पदार्थ कोणी पाहिलेला नाही. पुढचे सर्व आपोआप घडले. मोठ्या हॉटेलातील मदतनीस लहान हॉटेलात आचारी झाला, लहान हॉटेलातील पोऱ्याने गाडी टाकली. प्रत्येक पायरीवर महागडे जिन्नस गळाले आणि लसूण वाढला. हुआज्याओ पहिल्याच पायरीला गळाला असावा, कारण तो बाजारात मिळतच नव्हता. अखेर ही चटणी बाटलीत शिरली. ‘शेजवान चटणी’ घरोघरी नेणारी कॅपिटल फूड्स ही कंपनी जानेवारी २०२४ मध्ये टाटा कंझ्युमरने सुमारे ५,१०० कोटी रुपये मूल्यांकनाने विकत घेण्याचे जाहीर केले. ठेच्याला एवढा भाव यापूर्वी कधी आला नव्हता.

अधूनमधून या गाडीवर राष्ट्रभक्तीचेही सावट पडते. जून २०२०मध्ये गलवानच्या चकमकीनंतर केंद्रीय राज्यमंत्री रामदास आठवले यांनी चिनी पदार्थ विकणाऱ्या उपाहारगृहांवर बंदी घालावी, असे आवाहन केले. त्या गाड्यांवर कोबी चिरणारी मुले महाराष्ट्रातील वा नेपाळमधली, तांदूळ इथला, मिरची गुंटूरची वा ब्याडगीची, कोबी शेजारच्या वाडीतला. खरोखर चिनी मुळाचे काही शोधायचेच असेल, तर त्यासाठी शिवारात जावे लागेल. सोयाबीन हे पीक चीनमध्ये माणसाळले, आणि गेल्या तीन-चार दशकांत वऱ्हाडातील ज्वारी-कपाशीची केवढी तरी जमीन त्याने व्यापली. सातपुड्याच्या पायथ्याशी, अकोट-अंजनगाव पट्ट्यात ज्या संत्र्याच्या बागा आहेत, त्या फळाच्या कुळाचे धागेही दक्षिण चीनपर्यंत जातात. बहिष्काराची यादी प्रामाणिकपणे करायची तर ती तहसील कचेरीच्या सातबाऱ्यापासून सुरू करावी लागेल.

आणि मिरची? ती तर दोन्हीकडे पाहुणी.

‘आपले तिखट’ आणि ‘त्यांचे तिखट’ अशी भाषा करताना हे विसरले जाते, की सोळाव्या शतकापूर्वी वऱ्हाडात मिरची नव्हती आणि सिचुआनातही नव्हती. ती मेक्सिकोकडची. पोर्तुगीजांनी ती गोव्यास आणली आणि कित्येक वर्षे मुंबईकडे तिला ‘गोवाई मिरची’ म्हणत. अबुल फझलाच्या ऐन-ए-अकबरीत वऱ्हाड सुभ्याचे वर्णन आहे. अकोटच्या उत्तरेला डोंगरावर जो नरनाळा किल्ला आहे, त्याच्या नावाची सरकार त्यात नोंदलेली आहे. त्याच ग्रंथात बादशाही मुदपाकखान्यातील पदार्थांची मापेही दिलेली आहेत: मिरे आहेत, आले आहे, लवंग-दालचिनी आहे, मिरची कोठेच नाही. म्हणजे नरनाळ्याचा किल्लेदार ठेच्याशिवाय जेवत होता. वऱ्हाडी माणसाला ही कल्पना सहन करणे कठीण आहे, तरी ती करावी लागते.

चीनमध्ये मिरचीची पहिली ज्ञात नोंद १५९१ची, आणि तीही शोभेचे झाड म्हणून: पांढरी फुले, लाल फळे, दिसण्यास सुंदर. खाण्यासाठी तिचा वापर होऊ लागला तो अठराव्या शतकाच्या आरंभी सिचुआनशेजारच्या क्वेचौ प्रांतात, जेथे मीठ महाग होते. डोंगरातील गरीब लोक मिठाऐवजी मिरची लावून भात गिळत. सिचुआनात तिचा उल्लेख त्या शतकाच्या मध्यावर येतो आणि ती सर्रास पोटात जाऊ लागते ती एकोणिसाव्या शतकात. हीच ती ‘प्राचीन सिचुआनी परंपरा’. कोरडी भाकरी घशाखाली उतरावी म्हणून बांधावर बसून ठेचा खाणारा वऱ्हाडातील मजूर आणि क्वेचौच्या डोंगरातील तो शेतकरी, दोघांनी मिरची एकाच कारणासाठी जवळ केली. दुसरे काही परवडत नव्हते.

नावांचीही गंमत पाहण्यासारखी आहे. मराठीने परक्या फळाला जुन्या मिऱ्याचे नाव दिले: संस्कृत मरीच, त्यावरून मिरे, त्यावरून मिरची. चिनी भाषेनेही तेच केले. ‘ज्याओ’ म्हणजे मूळचा हुआज्याओ. काळे मिरे आले तेव्हा ते ‘हूज्याओ’, म्हणजे रानटी परदेशीयांचे ज्याओ. आणि मिरची आली तेव्हा ‘फानज्याओ’, परकीय ज्याओ. सिचुआनी बोलीत ती अजून ‘हायज्याओ’ आहे: समुद्रावरून आलेली. आपली गोव्याची, त्यांची समुद्राची.

मिरचीपूर्वी इथे तिखट कोणते होते, त्याचे उत्तर अकोटात पुस्तकावाचून मिळते. अकोट, तेल्हारा आणि अंजनगाव सुर्जी या पट्ट्यात बारी समाजातील शेतकरी विड्याच्या पानांच्या मळ्यांबरोबरच पानपिंपरी लावत आले आहेत. ही पानपिंपरी म्हणजेच आयुर्वेदातील पिप्पली, लेंडीपिंपळी. याच ‘पिप्पली’वरून ग्रीकांचे ‘पेपेरी’ आणि शेवटी इंग्रजांचे ‘पेपर’ झाले. रोमन श्रीमंतांनी जिच्यासाठी मिऱ्यांहून अधिक दाम मोजले, ती वेल महाराष्ट्रात ज्या मोजक्या ठिकाणी टिकून आहे, त्यांतले हे एक. मिरचीने तिला स्वयंपाकघरातून हुसकावले. आता ती सुंठ-मिऱ्यांच्या सोबतीने त्रिकटूत जाते, पोत्यांत भरून औषधांच्या व्यापाऱ्याकडे जाते. भाजीत कोणी घालत नाही.

अशाच एका पानमळ्यावर वाढलेली अकोटची मुलगी नोकरीसाठी मुंबईला आली. शाळा-महाविद्यालयाच्या दिवसांत तिच्या लेखी चैन म्हणजे गाडीवरचा शेजवान राईस. मुंबईत नव्या मैत्रिणींनी तिला सांगितले, की ते ‘खरे’ नव्हे. हे तिला अनेकदा सांगण्यात आले, आणि दर वेळी थोडे हसून. खाण्याच्या बाबतीतले ‘खरे-खोटे’ हे बहुधा ‘मोठे शहर आणि लहान गाव’ असेच वाचायचे असते. तिनेही ते तसेच वाचले, आणि गावच्या गाडीचे नाव काढणे सोडले. वडील तिच्याकडे राहायला आले तेव्हा ती त्यांना एका सिचुआनी उपाहारगृहात घेऊन गेली. ‘खरे’ काय ते दोघांनी मिळून पाहावे, असा विचार असावा.

पहिला आला ‘पाण्यात शिजवलेला मासा’. नाव ऐकून वडिलांनी निराश चेहरा केला होता. प्रत्यक्षात वाडग्यावर बोटभर लाल तेल होते आणि त्यात सुक्या मिरच्या तरंगत होत्या. “अवं, हे तं तर्री हाय,” ते म्हणाले. निदान त्यांच्यापुरता प्रांतांमधील अर्धा भेद तेथेच मिटला. तिखटावर कडकडीत तेल ओतून रंग आणि वास काढायचा, ही युक्ती चेंगडूतही तीच आहे. मग आले ‘मापो तोफू’: सोयाच्या दुधाचे मऊ पनीर, खिमा आणि आंबवलेल्या बाकल्याचा रस्सा. ‘मापो’ म्हणजे तोंडावर देवीचे वण असलेली आजी. चेंगडूत १८६२च्या सुमारास असे एक जोडपे खाणावळ चालवीत असे, अशी परंपरा सांगते. मजूर आणि हमालांची खाणावळ.

दुसऱ्या घासाला वडील थांबले. जीभ टाळूला लावून पाहिली, पाणी प्यायले, आणि पाणीही वेगळेच लागले. “बाबा, लय तिखट लागलं काय?”

“तिखट नाही वं. हे तं अक्कलकाऱ्यावानी लागून राह्यलं. जीभच झोपली.”

निदान अचूक होते. दाढ दुखली की चघळतात त्या अक्कलकाऱ्यातील आणि हुआज्याओतील द्रव्ये रसायनशास्त्रात जवळच्या नात्याची आहेत. २०१३ साली लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातील संशोधकांनी लोकांच्या ओठांवर हुआज्याओ लावून ती झिणझिणी मोजली; सेकंदाला सुमारे ५० कंपने होणाऱ्या स्पर्शासारखी ती भासते, असे आढळले. मिरचीचा दाह आणि ही झिणझिणी एकत्र आली की तिला चिनी भाषेत ‘माला’ म्हणतात. बधिरतेमुळे दाह थोडा मागे सरतो, माणूस आणखी एक घास घेतो, आणि मग दाह गाठतो. त्या दोघांनी वाडगा संपवला. कपाळाला घाम, नाकाला रुमाल, आणि बोलणे बंद. वऱ्हाडी जेवणावळीत चांगल्या रश्श्याची जी पावती असते, तीच.

हुआज्याओ हे मिरे नव्हेच. ते संत्र्याच्या कुळातले झाड, बेल आणि कढीलिंबाचे भाऊबंद. लिंबूवर्गीय बागांना कँकर हा रोग लागेल या भीतीने अमेरिकेने त्याच्या आयातीवर १९६८ पासून २००५ पर्यंत बंदी ठेवली होती. त्याची सख्खी बहीण मात्र महाराष्ट्रातच आहे: कोकणात बांगड्याच्या सारात टाकतात ते तिरफळ. कोकणी स्वयंपाकीणही बी फेकते आणि साल वापरते, जशी चेंगडूतील बाई वापरते. मुंबईच्या आचाऱ्यांना १९७०च्या दशकात हुआज्याओ मिळाला नाही, हे समजू शकते. पण मालवणी खानावळीतून चार तिरफळे मागून आणावीत हे कोणालाच सुचले नाही, याची हळहळ वाटते. ‘शेजवान’ला आपला हक्काचा दुसरा पाय मिळाला असता.

शेवटी आले ‘दानदान’ नूडल्स. ‘दान’ म्हणजे खांद्यावरची कावड. एका टोकाला चूल आणि पातेले, दुसऱ्या टोकाला नूडल्स आणि वाटे, असे घेऊन चेंगडूच्या गल्ल्यांतून फेरीवाले हिंडत, त्यावरून हे नाव. मुलीने मोबाईलवर वाचून हे सांगितले, तेव्हा श्रावणात पूर्णेचे पाणी घेऊन अकोल्याच्या राजराजेश्वराला जाणाऱ्या कावडी ज्यांनी जन्मभर पाहिल्या, त्या गृहस्थांना फार समजावून सांगावे लागले नाही. ते इतकेच म्हणाले, “म्हणजे आपल्या गाडीवाल्यावानीच.” मुलीने मान हलवली. त्या रात्री कित्येक महिन्यांनी तिने मैत्रिणींच्या गटात गावच्या गाडीचा फोटो टाकला.

निघताना वडिलांनी ताटलीच्या कडेला राहिलेले हुआज्याओचे चार दाणे कागदी रुमालात बांधून खिशात घातले. मळ्यात पांगऱ्याच्या सावलीला लावून पाहू, पानपिंपरी येते तिथे हेही येईल, असा त्यांचा हिशेब. मसाल्यात येते ती फळाची नुसती साल, तीही तेलात तळलेली. रुजण्याचा प्रश्नच नव्हता. मुलीला ते ठाऊक होते. तिने सांगितले नाही. रत्नागिरीच्या एका सहकाऱ्याकडे तिने तिरफळाच्या बिया मागितल्या आहेत.